दुसरा गिअर

खूप दिवसांनी लिहितोय. मधे एकदोन ब्लॉगवाल्या मित्रांनी मेल टाकून "दुकान बंद केलंस की काय?" असं विचारलंही. बंद नाही केलं, पण लिहावं असं काही हाताला लागत नव्हतं. आता लागलंय ते अगदीच किरकोळ आहे... करंगळीत घालता येईल एवढी एक रबरी कडी. पुढे गाडीचं तांत्रिक बरंच येणार आहे. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी मधला भाग गाळून वाचला तरी माझी हरकत नाही. फक्त ताई, तू गाळू नकोस.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. महाड डेपो. १९७६ साली लागले, २००९ मध्ये रिटायर झाले. आमचं पोलादपूर म्हणजे घाटांच्या पायथ्याचं गाव. मुंबई-गोवा हायवेनं दक्षिणेला निघालं की कशेडी, पूर्वेला वळलं की आंबेनळी आणि वर महाबळेश्वर. सरळ रस्ता म्हणाल तर उत्तरेला महाडपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा, बस्स. त्यामुळे आमच्याकडे माणूस गाडी चालवायला शिकतो म्हणजे घाट चढायला शिकतो, आणि घाट चढायला शिकतो म्हणजे दुसरा गिअर वेळेवर टाकायला शिकतो.

अण्णा लागले तेव्हाच्या बसना आजच्यासारखे गुळगुळीत गिअर नव्हते. डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. रेस कमी पडला की गिअरबॉक्स असा काही किंचाळायचा की मागच्या सीटवरची झोपलेली माणसं जागी व्हायची. अण्णांच्या गाडीत कुणी जागं झाल्याचं मला आठवत नाही. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा बाहेरची दरी बघायच्याऐवजी त्यांचा डावा हात बघत बसायचो. हात दांड्यावर नुसता ठेवल्यासारखा असायचा. मुठीत आवळून धरलेला कधी पाहिला नाही.

असो. तर गेल्या गणपतीत झालं असं की गौरी गेल्यावर सगळ्यांनी प्रतापगडला जायचं ठरलं. ताई, भावोजी आणि आई अण्णांच्या गाडीत, मी बायकोमुलांना घेऊन माझ्या गाडीत मागे. अण्णांची गाडी म्हणजे चौदा वर्षांची लाल हॅचबॅक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बिचारीचा काही दोष नाही. माझी गाडी ऑटोमॅटिक. पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळून घेतली, आणि तेव्हापासून माझ्या डाव्या हाताला काही कामच उरलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

आंबेनळी घाटात पाऊस, धुकं, सगळं होतं. एका चढाच्या वळणावर अण्णांची गाडी अडखळली, बंद पडली, आणि मागे यायला लागली. दोन हात आली असेल. मी हॉर्न दाबून धरला. माझ्या बंपरपासून वीतभर अंतरावर ती थांबली. मग पुन्हा सुरू होऊन, पहिल्या गिअरमध्ये घोंगावत वर गेली. एकूण दहा सेकंदांचा प्रकार.

पण तो घाट आंबेनळीचा होता. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. तीस माणसं गेली, एकच वाचला. महाबळेश्वरचे ट्रेकर्स दोर लावून खाली उतरले होते. पोलादपुरात तो दिवस कुणीच विसरलेलं नाही. घाटात गाडी मागे आली असं नुसतं ऐकलं तरी आमच्या घरात कुणी हातातला घास तोंडात घालत नाही.

येताना भावोजींनी गाडी चालवली. रात्री जेवणं झाल्यावर अण्णा झोपायला गेले, आणि बाकीचे आम्ही ओटीवर बसलो. ताई म्हणाली, "मी पुढेच बसले होते ना. अण्णांनी तिसऱ्यातून दुसरा म्हणून चौथा टाकला. मी स्वतः बघितलं." तिच्या ठाण्याच्या शेजारच्या काकांचं अशाच साध्यासाध्या चुकांपासून सुरू झालं होतं म्हणे. आधी गिअर, मग घराची किल्ली, मग घरच. भावोजी म्हणाले, "गिअर जरा लूज आहे, पण जुन्या गाडीला तेवढा असतोच." अण्णांचं लायसन्स रीतसर आहे. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनी नवीन करावं लागतं, डॉक्टरच्या सर्टिफिकेटसकट, आणि ते त्यांनी वेळच्या वेळी केलंय. कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. पण कायद्याचं कोण बोलत होतं? चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातून दुसऱ्याच्या जागी चौथा पडला, एवढंच आम्हाला दिसत होतं.

अण्णा घाटातून उतरल्यावर एकच वाक्य बोलले होते. "गिअरला प्ले आलाय." त्यावर कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाटलं की हे आता कारणं सांगायला लागले.

ठरलं असं की दिवाळीला मी एकटा आधी जायचं, गाडी पुण्याला आणायची आणि विकून टाकायची. अण्णांना सांगायचं काम माझं. मुलगा ना मी!

दिवाळीला गेलो. घरात शिरल्याशिरल्या आईनं खालच्या आवाजात सांगितलं की हे हल्ली फार बोलत नाहीत, गाडी धुतात आणि परत कव्हर घालून ठेवतात. गणपतीपासून चालवलेलीच नाही. मी म्हटलं, बघू. आणि बाजारातून दूध आणायचं निमित्त करून किल्ली घेतली. कसं सांगायचं याचा विचार करायला जरा एकटं बसायला हवं होतं.

येताना आमच्या गल्लीच्या चढाला मी तिसऱ्यातून दुसरा टाकला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

दांड्याकडे बघितलं. चौथा पडला होता.

पहिल्यांदा वाटलं, सवय गेली आपली. गाडी सुरू केली, मागे घेतली (रिव्हर्स पडायला तीन वेळा प्रयत्न), पुन्हा चढावर तोच प्रयोग. पुन्हा चौथा. मग दांडा डावीकडे चांगला जोर लावून, पार शेजारच्या सीटला टेकेपर्यंत दाबला आणि खाली ओढला, तेव्हा दुसरा पडला. माझं वय त्रेचाळीस आहे. विसरण्याचा आजार मला अजून तरी झालेला नाही, बायकोच्या मते सोडून :)

घरी येऊन आईला विचारलं, "अण्णा चालवताना तुला काही वेगळं जाणवायचं का गं?" आई म्हणाली, "नाही रे. फक्त हल्ली गिअर टाकताना त्यांचा हात माझ्या गुडघ्याला लागायचा. मी आपली पाय आवरून बसायचे."

इथून तांत्रिक भाग सुरू.

पूर्वीच्या अँबॅसिडर आणि फियाटमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असायचा. नंतरच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो मजल्यावर आला आणि तिथून लोखंडी रॉडनं गिअरबॉक्सला जोडलेला असे. आता पुष्कळ गाड्यांत रॉडच्या जागी दोन केबल असतात. सायकलच्या ब्रेकसारख्याच, फक्त या ओढतातही आणि ढकलतातही. एक केबल दांड्याची पुढे-मागे हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेते, दुसरी डावी-उजवीकडची. गिअर इंग्रजी एच अक्षरासारखे मांडलेले असतात हे चालवणाऱ्यांना माहीत आहेच. तिसरा-चौथा मधल्या रांगेत, पहिला-दुसरा डावीकडच्या. तिसरा वर, चौथा त्याच्या बरोब्बर खाली. दुसराही खालीच, पण एक रांग डावीकडे. म्हणजे तिसऱ्यातून दुसरा टाकायचा तर दांडा आधी डावीकडे जायला हवा आणि मग खाली. डावीकडे नेणारी केबल जर ढिली झाली, तर तुमचा हात डावीकडे जातो, पण गिअरबॉक्सपर्यंत ती बातमी पोचत नाही. तो मधल्या रांगेतच राहतो. तुम्ही खाली ओढता, आणि पडतो चौथा.

हाताकडून काहीच चुकलेलं नसतं.

अण्णांना आत बसवलं आणि बॉनेट उघडलं. म्हटलं, "नुसता डावीकडे-उजवीकडे हलवा." बॅटरीच्या खालच्या अंगाला, गिअरबॉक्सवर, दोन छोटे लोखंडी हात दिसतात. प्रत्येकाला एक पिन, आणि त्या पिनवर केबलच्या टोकाची कडी बसवलेली. कडी आणि पिन यांच्या मधे रबराचा बुश. अण्णा दांडा हलवत होते तशी केबल सरकत होती, कडीही सरकत होती. लोखंडी हात मात्र जागचा हलत नव्हता. कडी पिनवर आपटून पलीकडे गेली की मग कुठे तो थोडासा हलायचा. मी बॅटरीच्या फटीतून बोट घातलं. बुश म्हणून काही उरलंच नव्हतं. इंजिनाची उष्णता, तेल, चौदा पावसाळे... रबराचा भुगा झाला होता आणि बोटाला काळं लागलं.

"अण्णा, बुश गेलाय."

"हो," अण्णा आतून म्हणाले. एवढंच.

आता बुश आणायचा कुठून? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर बुश वेगळा मिळत नाही, दोन्ही केबलचा पूर्ण सेट घ्यावा लागेल, साडेपाच हजार आणि मजुरी वेगळी, शिवाय दिवाळीमुळे दहा दिवस. केबल तर दोन्ही धडधाकट होत्या. रात्री नेटवर शोधलं तर परदेशात याचा मोठा बाजार आहे असं कळलं. तिकडची हौशी पोरं चांगले रबराचे बुश काढून पितळेचे, ॲल्युमिनियमचे, पॉलीयुरेथेनचे बाहेरचे बुश घालतात. का, तर गिअर रेसच्या गाडीसारखा 'कटकट' पडावा म्हणून. रबर थोडं दबतं, कडक बुश दबत नाही, त्यामुळे हात जेवढा हलेल तेवढाच गिअर हलतो. बदल्यात इंजिनाची थरथर दांड्यावर जास्त येते, कारण रबर ती गिळून टाकत असतं. आमच्या मॉडेलचा असा किट काही सापडला नाही. आणि मला रेस लावायची नव्हती, माझ्या बापाच्या हाताला दुसरा गिअर सापडायला हवा होता.

सकाळी अण्णाच म्हणाले, "लेथवाल्याकडे जाऊ." महाडला एमआयडीसीच्या कारखान्यांची किरकोळ कामं करणारा एक टर्नर त्यांच्या डेपोच्या दिवसांपासून ओळखीचा. माझ्या ऑटोमॅटिकनं गेलो. जाताना मी केबलची कडी आणि पिन यांची मापं कागदावर नेली होती. टर्नरनं कागद बघितला, मला बघितलं, आणि अण्णांना विचारलं, "काका, गनमेटलचा मारू का? आयुष्यभर बघायला नको."

"नको. ग्रीस संपलं की पिन खाईल."

"मग नायलॉन? पण तो पाणी पितो, फुगेल आपल्या पावसात." मग त्यानंच खालच्या खणातून पांढऱ्या रॉडचा एक तुकडा काढला. "डेल्रिन. एका कंपनीच्या कामातला उरलाय. हा फुगत नाही."

डेल्रिन म्हणजे एक कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक. लहान गिअर, बेअरिंगं, झिपच्या क्लिपा असल्या गोष्टींना वापरतात. पाणी फारच कमी शोषतं, आणि घासलं तरी स्वतःच जरा निसरडं असतं. टर्नरनं रॉड चकमध्ये धरला, व्हर्नियरनं मापं घेतली आणि वीस मिनिटांत चार बुश उतरवले. बाहेरून कडीत घट्ट बसेल असा, एका बाजूला टोपीसारखी कडा, आतून पिनच्या मापाचं भोक. दोन घालायला, दोन जपून ठेवायला. तो भोकाचं शेवटचं माप घेत होता तेव्हा अण्णा म्हणाले, "अगदी टाइट नको करूस. जरा प्ले ठेव." मी मधेच म्हणालो, "अहो अण्णा, प्ले काढायलाच तर आलोय आपण!" टर्नरनं माझ्याकडे बघून माझंच ऐकलं. शिकलेला माणूस ना. त्याचा परिणाम पुढे सांगतो. चार बुशांचे दोनशे रुपये झाले.

दुपारी काम काढलं. चाकांच्या पुढे-मागे दगड लावले. हे विसरू नका मंडळी, कारण केबल सुटली की गाडी गिअरमध्ये ठेवून थांबवता येत नाही, नुसत्या हँडब्रेकवर भिस्त राहते. मग बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडली. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची पट्टी काढली. हात पुसायला फडकं हवं होतं म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला.

त्यात फडक्याखाली एक छोटी डायरी होती. एसटीत गाडी डेपोत लावताना काही बिघाड जाणवला असेल तर ड्रायव्हरनं तो लिहून द्यायचा असतो, वर्कशॉपवाले वाचतात, बघतात, आणि मग गाडी पुन्हा बाहेर पडते. तेहतीस वर्षं केलेली ती सवय अण्णांनी घरच्या गाडीलाही चालू ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. पेट्रोल, किलोमीटर, हवा. आणि मधेमधे अशा ओळी:

'१४ जून. गिअरला प्ले. दाखवणे.'

'२ ऑगस्ट. गॅरेजला दाखविले. चालतंय म्हणाले. काका आता ऑटोमॅटिक घ्या म्हणाले. प्ले आहेच.'

'प्रतापगड. ३ चा २ घेताना ४ पडला. गाडी मागे आली. प्ले वाढला.'

त्यानंतर काही नाही. पुढची पानं कोरी.

मी डायरी होती तशी परत ठेवली. अण्णा गाडीच्या पुढे उभे राहून बॅटरीचा ट्रे काढत होते, त्यांना काही बोललो नाही. काय बोलणार? जूनपासून माणूस लिहून देत होता. तोंडानंही सांगितलं होतं. वाचणारं वर्कशॉपच नव्हतं. आणि आम्ही ओटीवर बसून त्याच्या मेंदूचा निकाल लावून मोकळे झालो होतो.

पुढचं काम मी जरा गप्पच केलं. ट्रेखाली गिअरबॉक्स उघडा झाला. पिनवरचं तारेचं लॉक पकडीनं ओढलं आणि अर्थातच ते हातातून उडून इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेलं. हे लॉक उडाल्याशिवाय कुठलंही काम पूर्ण होत नाही असा निसर्गनियम असावा. अर्धा तास बॅटरी मारून शोधलं. शेवटी अण्णांनी माळ्यावरच्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून खाली सोडलं, आणि विहिरीतून कळशी काढावी तसं लॉक वर काढलं.

कडी स्क्रू ड्रायव्हरनं उचलली, रबराचा भुगा खरवडून काढला, रॉकेल नव्हतं म्हणून पेट्रोलच्या फडक्यानं पिन पुसली. पिन झिजलेली नव्हती, नशीब. नवा बुश कडीत ठेवून दोन्ही बाजूंना वॉशर धरून पकडीनं दाबला. ठोकायचा नाही, तिरका जातो. ग्रीसचं बोट, कडी पिनवर, लॉक. मी आत बसून दांडा हलवला. वा! इतका घट्ट, इतका नेमका, की नवीन गाडी वाटावी. मी खूश.

अण्णांनी बाहेरून सांगितलं, "सोड दांडा." सोडला. दांडा डावीकडेच राहिला. खरं तर तो सोडला की स्प्रिंगनं आपसूक मधल्या रांगेत यायला हवा. नाही आला. केबलचं टोक सरळ रेषेत चालत नाही, लोखंडी हाताबरोबर जरासं वर्तुळात फिरतं. त्यामुळे कडीला पिनवर थोडं कलायला जागा लागते. रबर ते मुकाट्यानं सहन करत होतं. डेल्रिन नाही करत, ते अडकतं.

अण्णा काही बोलले नाहीत. टर्नरकडे सांगून झालं होतं त्यांचं.

बुश काढला. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून भोक आतून फिरवलं, दोन्ही तोंडांना जरा जास्त, म्हणजे कलायला जागा मिळेल. लावला, बघितलं, परत काढला. तिसऱ्या खेपेला दांडा सोडला आणि तो स्वतःहून मधे आला. अण्णांनी बोटानं कडी हलवून बघितली. केसभर हलत होती. "एवढा पाहिजे," म्हणाले.

दुसऱ्या केबलचाही बुश बदलला. ट्रे, बॅटरी, वायरी उलट क्रमानं. गाडी बंद ठेवून सगळे गिअर दहा-दहा वेळा टाकून बघितले, मग चालू करून. रिव्हर्स पहिल्या झटक्यात पडला. डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजल्याचं दाखवत होतं, खरे वाजले होते साडेचार.

मी किल्ली अण्णांच्या पुढे धरली. त्यांनी लगेच घेतली नाही. म्हणाले, "तू चालव."

"नाही. तुम्हीच बघा ना, बरोबर बसलंय का."

कशेडीला गेलो. २०२३ च्या गणपतीत तिथला बोगदा छोट्या गाड्यांना पहिल्यांदा उघडला, तेव्हापासून बरीचशी वर्दळ तिकडून जाते आणि जुना घाट जरा निवांत असतो. आई मागे बसली. मी पुढे, पाय आवरून. पहिलं मोठं वळण आलं तसा मी श्वास धरला, हे कबूल करतो. अण्णांनी तिसऱ्यातून काढला, डावीकडे, खाली. दुसरा. गाडीनं आवाज बदलला आणि ती वळण घेऊन वर गेली. त्यांचा हात माझ्या गुडघ्यापर्यंत आला नाही. पुढच्या वळणापर्यंत तो दांड्यावर नुसता ठेवलेला होता, आवळलेला नव्हता. इंजिनाची बारीक थरथर मात्र आता दांड्यावर जाणवत होती. मी म्हटलं, "थरथरतोय जरा." अण्णा म्हणाले, "थरथरू दे. कळतं तरी."

वर थांबलो. आईनं डब्यातून चिवडा काढला. मी बराच वेळ जुळवाजुळव करून शेवटी म्हणालो, "अण्णा, गणपतीत तुम्ही सांगितलं होतं प्ले आलाय म्हणून. मी लक्ष दिलं नाही." अण्णा दरीकडे बघत होते. म्हणाले, "माझाही विश्वास उडाला होता. तुम्ही सगळे बोलायला लागल्यावर मलाच वाटलं, हातच चुकत असेल."

ताई, हे वाक्य तुझ्यासाठी लिहिलंय. तेवढ्यासाठीच गाळू नकोस म्हटलं. अण्णांना विसरायला होतंय की नाही हे आपण बघितलंच नव्हतं. आपण त्यांना विसराळू ठरवलं, आणि ते ती भूमिका करायला लागले होते. दोन महिने कव्हर घातलेली गाडी धूत होते.

याचा अर्थ म्हाताऱ्या माणसांनी कायम गाडी चालवावी असा नाही. वय होतंच. डोळे, कान, पायाची चपळाई सगळं कमी होतं, आणि आंबेनळी घाट कुणाच्या भावना जपत नाही. कधीतरी किल्ली खरोखरच मागावी लागेल. पण त्याआधी बॉनेट उघडून बघायचं एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो, असं मला आता वाटतं.

गाडी विकली नाही हे सांगायला नकोच.

परवा पुन्हा पोलादपूरला गेलो होतो. या वेळी घरात शिरायच्या आधी गाडीचा कप्पा उघडला आणि डायरी काढली. कोऱ्या पानांवर पुन्हा लिहायला सुरुवात झालीय. 'बुश बदलले. गिअर ठीक.' मग पेट्रोल, हवा. आणि सर्वांत खाली, गेल्या आठवड्यातली ओळ:

'रात्री समोरच्या लाइटचा त्रास होतो. रात्री चालवणे बंद. डोळे दाखवणे.'

सोमवारी महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी सुट्टी टाकली आहे. गाडी अण्णा चालवतील, सकाळची वेळ आहे.